न हललेली जमीन

आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून एखादा लादलेला ट्रक घरघरत यावा तसा, लांबून जवळ येणारा. मग पलंग हलला. मी भिंतीकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं नाही. पाळण्यातलं बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दार उघडं टाकून जिन्याकडे धावले. पायात चप्पल नव्हती. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत प्रत्येक दारावर हात आपटत, "बाहेर या, सगळे बाहेर या," असं ओरडत होते.

खाली पोचले, पार्किंगच्या पलीकडे मोकळ्या जागेत गेले आणि मागे वळून पाहिलं. माझ्यामागे कोणीच आलं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार. इमारत समोर निवांत उभी होती. गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे सरळ लोंबत होते. पहिल्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी ऐकली आणि माझं अंग गार पडलं. घर कोसळतंय या भीतीने मी धावले होते, पण ही भीती वेगळी होती. हिच्यापासून धावून जायला जागा नव्हती.

फाटकाजवळच्या पत्र्याखाली एक बाई इस्त्री करत होत्या. हातातली इस्त्री उभी ठेवून त्या माझ्याकडे आल्या.

"काय झालं हो ताई?"

"हललं ना आत्ता?"

"काय हललं?"

"जमीन."

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग बाळाकडे. "नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "इथं काही नाही हललं. तुम्ही सावलीत या बघू आधी."

बाळ रडायला लागलं होतं. त्याची दुधाची वेळ झाली होती आणि बाटली वर स्वयंपाकघरात होती. मी जिन्यापाशी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा, एवढंच. पाय उचललाच जाईना. वर डोक्यावर तीन मजल्यांचं सिमेंट आहे, हे मला अंगभर जाणवत होतं. मी परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. बाळ रडून लालबुंद झालं.

"गप गं बाळा, गप," इस्त्रीवाल्या बाई त्याच्या गालाला हात लावत म्हणाल्या. "नाव काय हो हिचं?"

मी तोंड उघडलं आणि नाव आलं नाही.

माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ते नाव मीच सुचवलं होतं, बारशाला पाळण्यावर वाकून तिच्या कानात मीच सांगितलं होतं. त्या जागी आता काही नव्हतं. फळा पुसल्यासारखी नुसती कोरी जागा. मी बाळाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि माझे दात एकमेकांवर आपटायला लागले, भर उन्हात.

माझा फोन वर राहिला होता. त्या बाईंकडे माझ्या मेहुण्यांचा, विनयरावांचा नंबर होता, कपड्यांसाठी ठेवलेला. त्यांनीच फोन लावला. विनयराव ऑफिसातून निघून आले. गाडी वाकडीतिकडीच लावून धावत माझ्याकडे आले आणि त्यांनी बाळ माझ्या हातातून घेतलं. ओढून घेतलं नाही. पण एक हात माझ्या मनगटावर ठेवून, माझी बोटं आधी सुटतील याची काळजी घेऊन घेतलं.

"शाल्मली," ते बाळाला म्हणाले, "झालं, झालं, बाबा आला."

शाल्मली. हो. शाल्मली.

*

मी तेव्हा डहाणूकडच्या एका पाड्यावर मुलींच्या आश्रमशाळेत अधीक्षिका होते. शिकवायचं आणि मुलींबरोबर वसतिगृहातच राहायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे धक्के सुरू झाले. मोठा भूकंप नव्हे. छोटे छोटे धक्के, कधी दिवसाआड, कधी एका दिवसात अनेक. आधी घरघर, मग भांडी वाजायची, मग एक दणका. भिंतीला पहिली भेग गेली तशा आम्ही सगळ्या अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागलो. थंडी गेली, उन्हाळा आला, तरी आम्ही बाहेरच.

पहिल्या दिवसांत मुली विचारायच्या, "बाई, परत येईल का?" मी म्हणायचे, "नाही येणार." आणि ते यायचं. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडून दिलं. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. माझा चेहरा बदलला की साठ-सत्तर मुली एकदम उठून धावायच्या. त्यामुळे मी चेहरा बदलू द्यायचा नाही, असं शिकले. आतून काहीही होवो, वरून बाई हसऱ्या.

मुली धीट निघाल्या. मार्चपर्यंत त्या हलत्या जमिनीवर लंगडी खेळत होत्या. मी मात्र चप्पल घालून झोपत होते. झोपत होते म्हणायचं एवढंच. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. सकाळची हजेरी मी वही न बघता घ्यायचे, इतक्या वर्षांची सवय. त्या वसंतात मुलगी समोर उभी असायची, ओळखीचे डोळे, ओळखीची वेणी, आणि नाव यायचं नाही.

आमच्या गावाकडे सगुणाकाकू होत्या. नातं लांबचं. त्या माणसं ओळखेनाशा झाल्या तेव्हा त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं, दाराला बाहेरून कडी. आम्ही मुली त्या दारावरून जाताना श्वास धरून पळायचो. त्या वसंतात मला सारखी ती कडी आठवायची.

अशात प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा माझी धाकटी बहीण. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मेंदूवर काम करायची. बाळंतपणाची रजा अजून शिल्लक होती, तरी ती कामावर परत जायचं म्हणत होती. "ताई, तुला सुट्टी लागली की ये ना. बाळाला तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवू?" तिचा आवाज घाईचा होता. मला वाटलं, देवच पावला. हलत नाही अशा जमिनीवर चार आठवडे राहिले की होईन बरी.

पुण्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

*

त्या दिवशी विनयरावांनी मला हाताला धरून वर नेलं. मी डोळे मिटून जिना चढले. संध्याकाळी प्रज्ञा आली. तिने मला काही विचारलं नाही. चहा दिला, माझ्या पायाला उन्हाने आलेले फोड धुतले, मलम लावलं आणि आत गेली. भिंत पातळ होती. मला ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"मी ताईंना दोष देत नाहीये," विनयराव म्हणत होते. "पण जिन्यात पाय घसरला असता तर? त्यांना तिचं नावही सांगता आलं नाही, प्रज्ञा. नाव!"

"माहीत आहे मला."

"मग? उद्यापासून तू घरी थांब. रजा आहे ना अजून?"

"मी घरी थांबणार नाही."

"अगं, पण..."

"बाळ ताईकडेच राहील." तिचा आवाज चढला. "नाहीतर पाळणाघरात ठेव, तुझ्या आईला बोलाव, काय हवं ते कर. मी थांबणार नाही."

 मग विनयराव म्हणाले, "तुला काम इतकं महत्त्वाचं आहे?"

 मला प्रज्ञाचा राग आला. स्वतःच्या मुलीपेक्षा कामाची ओढ! आणि त्या रागाखाली माझी भीती तशीच बसून होती. म्हणजे उद्या पुन्हा मी आणि बाळ, दोघीच, तिसऱ्या मजल्यावर.

दुसऱ्या दिवशी विनयरावांनीच रजा टाकली. ते घरी राहिले. माझ्याशी नेहमीसारखं बोलत, "ताई, पोहे घ्या ना अजून," म्हणत. मात्र मी पाळण्याजवळ गेले की त्यांचं वर्तमानपत्र खाली यायचं.

*

रविवारी प्रज्ञा म्हणाली, "चल, तुला माझी प्रयोगशाळा दाखवते."

इमारतीत फारसं कोणी नव्हतं. इमारत बैठी आहे, हे तिने मला निघण्याआधीच सांगितलं होतं. एका काळोख्या खोलीत मोठा सूक्ष्मदर्शक होता आणि त्याला जोडलेला पडदा. तिने काचपट्टी लावली. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उजळले. मग तिने चित्र जवळ आणलं तशा त्या ठिपक्यांना फांद्या फुटल्या. भाताचं रोप उपटून पाण्यात धरलं की मुळं कशी सुटी होऊन पसरतात, तशा बारीक, नाजूक.

"ह्या मायक्रोग्लिया," ती म्हणाली. "मेंदूच्या राखणदार पेशी. शरीरात बाकी ठिकाणी जंतूंशी लढायला रक्तातल्या पेशी धावतात. मेंदूत त्यांना सहज शिरकाव नाही. तिथली राखण ह्यांच्याकडे. ह्या फांद्या स्थिर नसतात, सारख्या चाचपत असतात. काही बिघडलंय का, कुठे कचरा साठलाय का."

"छान दिसतात," मी म्हणाले.

"हा निवांत राहिलेल्या उंदराचा मेंदू. आता हा बघ."

तिने दुसरी काचपट्टी लावली. त्याच पेशी, पण फांद्या आखडलेल्या, अंग फुगलेलं. केस कापून टाकल्यासारख्या बोडक्या.

"ह्याला काय झालं?"

"काही नाही झालं. इजा नाही, आजार नाही. ह्याला बरेच दिवस भीतीत ठेवलं होतं. कधी काय होईल ते कळणार नाही, असं. सततची भीती म्हणजे ह्या पेशींना हाकच असते. त्या तयारीत उभ्या राहतात. आणि भीती संपली तरी लगेच मागे हटत नाहीत. मग साध्या आवाजालासुद्धा मोठं संकट आल्यासारख्या उठतात."

मी पडद्याकडे बघत होते. 

"आणि नाव विसरणं?"

प्रज्ञा घुटमळली. ती मला खोटं सांगणारी नव्हती, कधीच नव्हती. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना बारीक जोडांनी जोडलेल्या असतात. आठवण म्हणजे तेच जोड. नको असलेले जोड छाटायचं कामही ह्या राखणदार पेशींकडे असतं. पण अशा बिथरल्या की त्या कधीकधी हवे असलेलेही जोड छाटतात."

"छाटतात म्हणजे?"

"गिळतात."

"खातात?"

"तसं म्हण."

खोलीत अंधार होता आणि पडद्यावर त्या फुगलेल्या, बोडक्या हिरव्या पेशी. माझ्या डोक्यात ह्या आहेत. आत्ता, या क्षणी, माझी माणसं खात बसल्या आहेत. आज बाळाचं नाव खाल्लं. उद्या प्रज्ञाचं खातील, परवा आईचा चेहरा. मला घरघर ऐकू आली. पायाखालची फरशी हलली. मी खुर्ची पाडून उठले, दार कुठे आहे ते दिसेना, भिंत चाचपत राहिले. "उघड," मी ओरडले, "प्रज्ञा, दार उघड, कडी काढ!"

"ताई, कडी नाहीये. ताई! हे बघ, उघडंच आहे."

तिने दार ढकललं. व्हरांड्यात उजेड होता. मी जमिनीवर बसले आणि तिथेच मला ओकारी झाली. प्रज्ञा माझी पाठ चोळत, पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चुकलंच माझं. असं नव्हतं सांगायचं मला. ताई, ऐक. तो उंदीर आहे. जिवंत माणसाच्या मेंदूत आम्हाला असं डोकावता येत नाही. तुझ्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते मला माहीत नाही, कोणालाच नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की हे वेड नाही. शरीराची झीज आहे, आणि..."

"मला सगुणाकाकूसारखं कोंडणार तुम्ही."

"कोण कोंडतंय?"

"विनयराव. मी पाळण्याजवळ गेले की बघत असतात. बरोबरच आहे त्यांचं. मला बाळाजवळ ठेवू नकोस, प्रज्ञा. तू घरी राहा. तूच राहा तिच्याजवळ."

प्रज्ञाचा माझ्या पाठीवरचा हात थांबला.

ती माझ्या शेजारी फरशीवर बसली.  मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मी तिच्याजवळ एकटी राहू शकत नाही, ताई."

मला वाटलं, ती कामाचंच बोलतेय.

"बाळ झाल्यापासून," ती म्हणाली. "पंधरा-वीस दिवसांची होती. मी तिला घेऊन गॅलरीत उभी होते, कोवळ्या उन्हात. आणि एकदम मनात आलं की हात सुटले तर. सुटले नाही, सोडले तर. मी आत पळाले. तेव्हापासून रोज. गॅलरी दिसली की. सुरी हातात घेतली की. तिला अंघोळ घालताना पाणी बघितलं की. मला तसं करायचं नाहीये, ताई. तिला खरचटलं तर माझा जीव जातो. पण ते चित्र येतंच. मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली विनयला ठेवायला दिली. त्याला म्हटलं, धूळ येते."

ती कोरड्या डोळ्यांनी सांगत होती. माझी इतकी हुशार बहीण, जिच्या भाषणाचे व्हिडिओ मी आश्रमशाळेत मुलींना दाखवायचे.

"मग मला बोलावलंस ते..."

"तिला माझ्यापासून कोणीतरी सांभाळायला हवं होतं म्हणून." आता तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी विनयचा फोन आला, की ताई बाळाला घेऊन खाली पळाल्या, बाळ ठीक आहे. मी रिक्षात बसले आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. ताई तिला वाचवायला पळाली. मी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही."

"तूही वाचवलंच असतंस."

"तुला काय माहीत?"

मला खरंच माहीत नव्हतं. मुलींना "नाही येणार" म्हणत आलेल्या मला त्या दिवशी तसलं काही बोलवेना. मी म्हणाले, "नाही माहीत. पण तू कुलूप लावलंस ना."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले. त्या रिकाम्या व्हरांड्यात दोघींच्या रडण्याचा आवाज घुमत होता. मला तेव्हाही भीती वाटत होती, तिच्याबद्दल कळल्यावर तर जास्तच. पण किती महिन्यांनी कोणासमोर चेहरा सावरून बसावं लागलं नाही.

"ते उंदीर," मी बऱ्याच वेळाने विचारलं, "ते बरे होतात का?"

"शांत जागी ठेवलं, त्यांच्यातल्यांबरोबर ठेवलं, तर पुष्कळ पेशी परत फांद्या पसरतात. काही काळ लवकर बिथरतात. पण पसरतात."

"आणि तुझ्याही डोक्यात तसंच असेल?"

"काय माहीत. बाळंतपणात काय काय बदलतं, ते आम्हाला अजून नीट कळलेलंही नाही." तिने नाक पुसलं. "विनयला सांगू नकोस. तो तिला माझ्याकडे देणार नाही. दिली तरी बघत राहील."

त्या बघण्याचा अर्थ माझ्याइतका कोणाला कळणार होता? मी म्हणाले, "नाही सांगणार."

*

प्रज्ञाच्या ओळखीच्या एक मनोविकारतज्ज्ञ होत्या, डॉक्टर आगाशे. त्यांची वेळ माझ्यासाठी घेतली होती. त्या सकाळी विनयरावांनी गाडी काढली. मागे मी आणि प्रज्ञा, मध्ये बाळ. दवाखाना तळमजल्यावर होता, तरी दारातून आत शिरताना माझे तळवे ओले झाले.

पुढचं सगळं सरळ झालं, असं सांगून मी कोणाची फसवणूक करणार नाही. औषधं लागली. पहिल्या गोळीने तोंड कडू पडायचं. डॉक्टर आगाशे मला जिन्याच्या एकेका पायरीवर उभं करायच्या आणि धडधड ओसरेपर्यंत तिथून हलू द्यायच्या नाहीत. शाळा उघडली तेव्हा मी परत जाऊ शकले नाही. गेले ती दिवाळीनंतर. मुलींची नावं परत आली, पण सगळी एकदम नाही. एकेक, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. दोन-तीन आलीच नाहीत, ती मी नव्याने पाठ केली. अजूनही कुठे जड गाडी गेली की माझा हात आधी भिंतीला जातो. जमीन हलत नसते. मला ते कळायला एक क्षण लागतो, एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या टेबलामागच्या मुलीने नोंद करायला पेन उचललं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या विनयरावांनी माझ्याकडे हात केला. "ह्या. माझ्या मेहुणी."

"नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं. हेमलता देवरे. तिने लिहून घेतलं. केसपेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बसा. बरोबरचे लोक बाहेर थांबतील."

आम्ही वळलो. प्रज्ञा वळली नाही. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून तिथेच उभी होती. 

"अजून एक करा," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

विनयराव थांबले. त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मी मान खाली घातली.  मला वाटलं, आता ते बाळाला घट्ट धरतील. एक पाऊल मागे सरतील. प्रज्ञाही तेच वाटून ताठ उभी होती, मार खायला उभं राहावं तशी.

ते पुढे आले. म्हणाले, "प्रज्ञा, तुला सही करायला लागेल ना? बस आधी." एका हाताने त्यांनी खुर्ची ओढून तिच्या मागे लावली. ती बसली. आणि तिचं नाव, वय, पत्ता सांगून होईपर्यंत थांबून, झोपलेली शाल्मली त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.